जवळच्या ताऱ्यांभोवतीच्या पृथ्व्या: प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी २०२५

कामाची हद्द आज ठरवून टाकली, नाहीतर हे प्रकरण कुठेच थांबणार नाही. सूर्यापासून १० पारसेक, म्हणजे साधारण ३२.६ प्रकाशवर्षांच्या आतले तारे घ्यायचे. त्यांच्याभोवती पृथ्वीसारखा ग्रह सापडल्याचा जो जो दावा छापून आला, तो तक्त्यात मांडायचा आणि शेवटच्या रकान्यात तीनपैकी एक शेरा मारायचा: पक्का, शंका, बाद. मूळ मोजमापं खुली असतील तिथे ती उतरवून घेऊन स्वतः तपासायची. नवा ग्रह शोधायचा नाही. त्याला लागणारी दुर्बीण आपल्याकडे नाही, आणि खरं सांगायचं तर जुने दावे चाळणंच मला जास्त रंजक वाटतंय.

‘पृथ्वीसारखा’ म्हणजे काय यावर बराच खल झाला. त्रिज्या माहीत असेल तर पृथ्वीच्या १.६ पटीपर्यंत, कारण त्यापुढचे बहुतेक ग्रह घनतेवरून निव्वळ खडकाळ वाटत नाहीत. नुसतं वस्तुमान माहीत असेल तर पाच पटीपर्यंत. ताऱ्याकडून मिळणारी उष्णता वेगळ्या रकान्यात. पाणी, हवा, जीवसृष्टी हे शब्द तक्त्यात येणार नाहीत.

ट्रॅपिस्ट-१ हद्दीबाहेर राहतो, ४० प्रकाशवर्षांवर. एकाच ताऱ्याभोवती पृथ्वीच्या आकाराचे सात ग्रह, आणि ते वगळायचे? पहिल्याच दिवशी नियम वाकवण्यापेक्षा त्याच्यासाठी परिशिष्ट काढलं.

९ फेब्रुवारी

आधी आकडेमोड. परक्या ताऱ्यावरून कोणी आपल्याकडे बघत असेल तर त्याला पृथ्वी कशी सापडेल?

अधिक्रमणाची पद्धत: पृथ्वी सूर्यासमोरून जाताना सूर्याचा प्रकाश दशलक्षात फक्त ८४ भागांनी कमी होतो. हे जास्तीत जास्त १३ तास टिकतं आणि वर्षातून एकदाच घडतं. शिवाय कक्षेची पातळी नेमकी बघणाऱ्याच्या रेषेत हवी, ज्याची शक्यता अर्धा टक्कासुद्धा नाही. २००४ आणि २०१२ साली शुक्राचं अधिक्रमण ज्यांनी पाहिलं त्यांना तो काळा ठिपका आठवत असेल. तो जवळ होता म्हणून तेवढा तरी दिसला.

अरीय वेगाची पद्धत: ग्रह ताऱ्याला किंचित ओढतो, तारा आपल्याकडे येतो, दूर जातो, वर्णपटातल्या रेषा सरकतात. गुरूमुळे सूर्य सेकंदाला साडेबारा मीटर वेगाने डोलतो. पृथ्वीमुळे ९ सेंटीमीटर. १९९५ साली मायॉर आणि क्वेलोझ यांना ५१ पेगासी भोवती जो ग्रह सापडला त्याचा डोल सेकंदाला पन्नास मीटरांहून जास्त होता.

आता हेच गणित लाल बटू ताऱ्यावर लावायचं. प्रॉक्झिमा सेंटॉरी घेतला, वस्तुमान सूर्याच्या ०.१२ पट. तारा हलका, म्हणून लवकर डोलतो. तो मंद असल्याने योग्य ऊब मिळणारी कक्षा अगदी जवळ येते, ०.०५ खगोलीय एककाच्या आत (पृथ्वी-सूर्य अंतर म्हणजे १ एकक), आणि तिथलं वर्ष अकरा-बारा दिवसांचं. पृथ्वीएवढा ग्रह तिथे ठेवला तर डोल सेकंदाला १.२ मीटरच्या आसपास निघतो, सूर्य-पृथ्वीच्या तेरापट. तारा लहान असल्यामुळे अधिक्रमणाची खोलीही वाढते. त्यात आपल्या शेजारच्या चार ताऱ्यांमागे तीन लाल बटूच. म्हणजे तक्त्यात त्यांची गर्दी होणार हे आत्ताच दिसतंय. ती निसर्गाची आवड की आपल्या पद्धतींची, हे त्या गर्दीवरून कळणार नाही.

१५ फेब्रुवारी

हात बसावा म्हणून एलटीटी १४४५ घेतला. २२ प्रकाशवर्षांवरचं त्रिकूट, तिन्ही तारे लाल बटू. त्यातल्या ‘ए’ ताऱ्यासमोरून दर ५.३६ दिवसांनी एक ग्रह जातो, हे २०१९ पासून माहीत आहे. टेस या अवकाश दुर्बिणीचा प्रकाशवक्र, म्हणजे वेळेनुसार उजेड कसा बदलला त्याचा आलेख, उतरवला, मोठे चढउतार गुळगुळीत करून काढले आणि नियमित खाचा शोधणारा प्रोग्रॅम चालवला. ५.३६ वर शिखर आलं.

जास्त वेळ गेला तो दुसऱ्याच गोष्टीत. वक्रावर १.४ दिवसांची ठळक लाट आहे. टेसचा एक पिक्सेल आकाशातला २१ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) चौकोन व्यापतो आणि हे तिन्ही तारे त्यापेक्षा जवळजवळ आहेत, त्यामुळे सगळ्यांचा प्रकाश एकाच खोक्यात पडतो. ती लाट आणि अधूनमधून उसळणाऱ्या ज्वाला बी-सी या जोडीच्या आहेत. ‘ए’ बिचारा शांत आहे. खाचेची खोली मोजताना शेजाऱ्यांचा हा उजेड वजा केला नाही तर ग्रह आहे त्यापेक्षा लहान भरतो. तक्त्यात ‘पिक्सेलमध्ये आणखी कोण’ असा रकाना वाढवला.

टेसबद्दल आणखी एक. आकाशाचा एक पट्टा ती २७ दिवस बघते आणि पुढे सरकते, मध्ये डेटा पाठवायला थोडा खंड. सूर्यासारख्या ताऱ्याची पृथ्वी या सापळ्यात अडकणं जवळजवळ अशक्य. दहा-बारा दिवसांची वर्षं असलेले ग्रह मात्र दोन-तीनदा सापडतात. तोच पक्षपात पुन्हा.

२३ फेब्रुवारी

प्रॉक्झिमा. ४.२४ प्रकाशवर्षं, याहून जवळ कोणी नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये ला सिला वेधशाळेतल्या हार्प्स वर्णपटमापीच्या आधारे ११.२ दिवसांचा ग्रह जाहीर झाला. पुढे एस्प्रेसो या नव्या उपकरणानेही तोच दाखवला, आणि २०२२ साली ५.१ दिवसांचा आणखी एक लहानगा, सेकंदाला ३९ सेंटीमीटर डोलाचा.

टेसचा २०१९ चा वक्र उघडला आणि हसू आलं. सरळ रेष अशी नाहीच. ज्वालेमागून ज्वाला, आणि उरलेल्या जागेत छोट्या ज्वाला. मार्च २०१६ मध्ये याच ताऱ्याची एक ज्वाला इतकी मोठी होती की काही मिनिटांसाठी तो नुसत्या डोळ्यांनी दिसण्याइतका उजळला असणार. एरवी हा तारा नुसत्या डोळ्यांच्या मर्यादेच्या कितीतरी खाली आहे.

११.२ दिवसांच्या आवर्तनावर वक्र दुमडून बघितला. ग्रह समोरून जात असता तर खाच अर्ध्या टक्क्याच्या आसपास आली असती. नाही. ते अपेक्षितच होतं, समोरून जाण्याची शक्यता मुळात दीड टक्का. म्हणून या ग्रहाची त्रिज्या माहीत नाही आणि वस्तुमानही ‘किमान’ आहे. ‘किमान’ हा शब्द बातम्यांमध्ये सर्रास गळतो. कक्षा आपल्याकडे किती कललेली आहे ते ठाऊक नसतं, आणि डोलाचा फक्त आपल्या दिशेचा भाग मोजता येतो. हा ११.२ दिवसांचा ग्रह, प्रॉक्झिमा बी, निदान १.०५ पृथ्वीइतका आहे, जास्त किती ते कक्षेच्या कलावर.

शेरा: पक्का. ५.१ दिवसांचाही पक्का.

३ मार्च

बर्नार्डचा तारा. सहा प्रकाशवर्षं. एका ताऱ्याभोवती इतके ग्रह सापडून इतके हरवल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

१९६० च्या दशकात पीटर वान दे काम्प यांनी जुन्या छायाचित्रकाचांवरून या ताऱ्याच्या मार्गात हेलकावा मोजला आणि गुरूच्या तोडीच्या ग्रहाचा दावा केला. पुढे एकाचे दोन ग्रह झाले. १९७३ मध्ये दुसऱ्या दुर्बिणीच्या काचांवर तो हेलकावा मिळाला नाही, आणि त्यांच्याच वेधशाळेच्या काचांवर इतर तारेही त्याच सुमारास ‘डुलताना’ दिसले. दुर्बिणीच्या भिंगात केलेल्या दुरुस्त्यांचा तो परिणाम होता.

मग २०१८: २३३ दिवसांचा, पृथ्वीच्या किमान ३.२ पट वस्तुमानाचा ग्रह. २०२१ मध्ये तोही संशयात गेला. कारण समजून घ्यायला आज कागद-पेन्सिल काढली. हा तारा स्वतःभोवती साधारण १४५ दिवसांत फिरतो. त्याच्यावरचे डाग फिरत राहतात आणि वेगाच्या मोजमापात खोटा डोल उमटवतात. आपण मात्र वेध वर्षभर सलग घेत नाही. तारा सूर्याच्या बाजूला गेला की काही महिने खंड. ट्यूबलाइटच्या उजेडात पंख्याची पाती कधी उलटी, कधी संथ फिरताना दिसतात, तसा या वार्षिक खंडामुळे खरा आवर्तनकाळ भलत्याच आकड्याचा वेष घेतो. एक भागिले १४५ वजा एक भागिले ३६५: उत्तर उलटं केलं की २४० च्या आसपास. परिवलनकाळ तीन दिवसांनी कमी धरला तर २३२. २३३ दिवसांचा ग्रह म्हणजे ताऱ्याचा स्वतःचाच फेरा, कॅलेंडरने बदललेला.

शेरा: बाद. ऑक्टोबर २०२४ मध्ये एस्प्रेसोच्या गटाने ३.१५ दिवसांचा नवा ग्रह जाहीर केला आहे, सोबत आणखी तीन उमेदवार. एवढा इतिहास बघितल्यावर सध्या चौघेही ‘शंका’.

१५ मार्च

बारा दिवसांपूर्वीची नोंद बदलायची वेळ आली. हवाईतल्या जेमिनी दुर्बिणीवरच्या मरून-एक्स उपकरणाच्या गटाने याच आठवड्यात स्वतंत्र मोजमापं छापली: चार ग्रह, वर्ष २.३४, ३.१५, ४.१२ आणि ६.७४ दिवसांचं, किमान वस्तुमान पृथ्वीच्या पाचव्या ते तिसऱ्या हिश्शाएवढं. दुसरं उपकरण, दुसरा गट, डोंगर वेगळा, गोलार्धही वेगळा आणि आवर्तनकाळ तेच. हे आवर्तनकाळ ताऱ्याच्या १४५ दिवसांपासून इतके दूर आहेत की डागांवर ढकलणं अवघड.

चौघेही पक्के. चौघेही फार तापलेले, त्यामुळे उष्णतेच्या रकान्यात नापास.

६ एप्रिल

‘बाद’चा ढीग आज एकत्र वाचला आणि त्यात एक सूत्र दिसलं.

ग्लीझ ५८१ डी: ६६ दिवस. ताऱ्याचं परिवलन १३० दिवस. निम्मं.
काप्टाइनचा तारा, ग्रह बी: ४८ दिवस. परिवलन १४३ दिवस. एक तृतीयांश.
बर्नार्ड, २०१८: वर लिहिलंय.

ताऱ्यावर समोरासमोर दोन डागांचे गट असले तर निम्म्या काळाचा सूर उमटतो, तीन असले तर तिसऱ्या हिश्शाचा. ग्लीझ ५८१ चा तर २०१० मध्ये मोठा गाजावाजा झाला होता, ३६-३७ दिवसांचा ‘जी’ हा ग्रह ऐन सुखाच्या पट्ट्यात, म्हणजे योग्य ऊब मिळणाऱ्या अंतरावर, म्हणून. २०१४ मध्ये डी हा ग्रह ताऱ्याच्या हालचालीत विरघळला आणि जीचा आधारही त्याच्याबरोबर गेला.

या चुका ऐन सुखाच्या पट्ट्यातच व्हाव्यात यालाही कारण आहे. सूर्याच्या पाव ते निम्म्या वस्तुमानाचे लाल बटू म्हातारे झाले की त्यांचा फेरा मंदावतो, आणि त्या फेऱ्याचा किंवा त्याच्या निम्म्याचा काळ नेमका त्यांच्या वसतियोग्य पट्ट्यातल्या वर्षाएवढा भरतो. जिथे ग्रह असावा असं वाटतं तिथेच तारा आपली सावली टाकतो. प्रॉक्झिमा किंवा टीगार्डनसारखे अगदी छोटे तारे यातून सुटतात. त्यांचा पट्टा पाच ते पंधरा दिवसांत येतो आणि फेरा तीन-चार महिन्यांचा असतो.

आता तक्त्यात ग्रहाच्या आधी ताऱ्याचा परिवलनकाळ येईल. मग त्याचा निम्मा, तिसरा हिस्सा, आणि या तिघांची वार्षिक प्रतिबिंबं, बर्नार्डच्या २३३ दिवसांसारखी. दावा यांतल्या एकाच्याही जवळपास असेल तर तो ‘पक्का’ होणार नाही, मग छापणारं नियतकालिक कितीही मोठं असो. प्रकल्पातला दुसरा भिडू म्हणतो, “हे फार कडक होतंय, खरा ग्रहसुद्धा त्या काळाचा असू शकतो.” असू शकतो. तेव्हा तो ‘शंका’मध्ये बसून वाट बघेल.

१३ एप्रिल

अल्फा सेंटॉरी बी, हा तारा. त्याच्याभोवतीच्या ग्रहाचा २०१२ चा दावा: ३.२४ दिवस, सेकंदाला ५१ सेंटीमीटर. हा ग्रह पृथ्वीच्या वस्तुमानाचा, पण भट्टीत ठेवल्यासारखा तापलेला, तेव्हा पट्ट्याचा प्रश्नच नव्हता. इथे परिवलनाशी मेळ लागत नाही. २०१५ मध्ये दोष निघाला तो वेध घेण्याच्या वेळापत्रकात.

पडताळा घेता येण्यासारखा आहे म्हणून घेतला. हार्प्सच्या वेधांच्या तारखा जशाच्या तशा ठेवल्या, त्यावर ग्रह नसलेला, फक्त ताऱ्याची संथ हालचाल आणि गोंगाट असलेला बनावट डेटा भरला, आणि संथ भाग वजा करून आवर्तनं शोधली. काही संचांमध्ये ३.२४ वर शिखर उगवलं. ग्रह घातलाच नव्हता. वेधांच्या तारखांमध्येच तो सूर लपलेला आहे, बाकीचे मोठे सूर काढून टाकले की तो उघडा पडतो.

ही चाचणी आता प्रत्येक खुल्या डेटावर.

१८ मे

उष्णतेचा रकाना भरला. पृथ्वीला सूर्याकडून मिळते ती १ धरली तर शुक्राला १.९, मंगळाला ०.४३.

प्रॉक्झिमा बी साधारण ०.६५. टीगार्डन बी १ च्या किंचित वर, टीगार्डन सी एक तृतीयांशाच्या थोडं वर. रॉस १२८ बी सुमारे १.४.

रॉस १२८ बीवर आम्ही दोघं अडकलो. साध्या, एकाच उभ्या स्तंभाच्या हवामान-गणितात एवढ्या उष्णतेला समुद्र उडून जातात. पण असा ग्रह बहुधा ताऱ्याकडे एकच बाजू करून असतो, आणि त्रिमितीय गणितांत त्या बाजूवर दाट ढग साचून बरीच उष्णता परतवतात. म्हणजे उत्तर ढगांवर अवलंबून, आणि ढग असायला आधी हवा हवी. ती आहे का, हे या ग्रहाबाबत मोजलेलं नाही. रकान्यात फक्त १.४ लिहिलं. पास-नापास कापून टाकलं.

१० ऑगस्ट

अल्फा सेंटॉरी ए! जेम्स वेब दुर्बिणीच्या मध्य-अवरक्त कॅमेऱ्याने, ताऱ्याचा उजेड झाकून, ऑगस्ट २०२४ मध्ये शेजारी एक मंद ठिपका टिपला होता. तो या आठवड्यात जाहीर झाला. खरा असेल तर शनीच्या वस्तुमानाच्या आसपासचा वायुग्रह, ताऱ्यापासून सुमारे दोन खगोलीय एककं. फेब्रुवारी आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा बघितलं तेव्हा दिसला नाही. कक्षेत फिरता फिरता ताऱ्याच्या फार जवळ गेला असेल, असं गणित सांगतं.

तक्त्यात याला जागा नाही, खडकाळ नाही. पण तो खरा निघाला तर सूर्यासारख्या सर्वात जवळच्या ताऱ्याच्या सुखाच्या पट्ट्यात एक दांडगा भाडेकरू आधीच बसला आहे, आणि पृथ्वीएवढ्या ग्रहाला तिथे स्थिर कक्षा मिळणं कठीण. अल्फा सेंटॉरी बी दर ऐंशी वर्षांनी ११ खगोलीय एककांपर्यंत जवळ येतो, ते आणखी वेगळं. शेरा: शंका, तारखेसकट.

१४ सप्टेंबर

परिशिष्ट. ट्रॅपिस्ट-१ ई वरचे जेम्स वेबचे पहिले निकाल आले, चार अधिक्रमणांचे. हायड्रोजनचं जाड मूळ आवरण नाही, एवढं ठाम. त्यापुढे नायट्रोजनची हवा असू शकते किंवा उघडा खडकही, डेटा दोन्हींशी जमवून घेतो.

अडचण ओळखीचीच: तारा. अधिक्रमणाच्या वेळी ग्रहाच्या हवेतून गाळून आलेला प्रकाश मोजायचा, पण ताऱ्याच्या पृष्ठभागावर डाग आणि तेजस्वी पट्टे, त्यामुळे त्याचा वर्णपट दर खेपेला वेगळा. इतक्या थंड ताऱ्याच्या डागांमध्ये पाण्याच्या वाफेच्या खुणाही येतात. म्हणजे वाफ दिसली तरी कोणाची ते विचारावं लागतं.

पुढच्या वेधांची युक्ती मला फार आवडली. २०२३ च्या मोजमापांवरून ट्रॅपिस्ट-१ बीवर हवा जवळजवळ नसावी. तेव्हा बी आणि ई लागोपाठ ताऱ्यासमोरून जातील अशा वेळा निवडायच्या. बीच्या वर्णपटात जे काही दिसेल ते ताऱ्याचं, ते ईमधून वजा करायचं. अशी आणखी पंधरा अधिक्रमणं बघायची आहेत.

२ नोव्हेंबर

तक्ता भरत आलाय. ‘पक्का’ आणि उष्णता ०.३ ते १.५ अशी चाळणी लावली की १० पारसेकच्या आत प्रॉक्झिमा बी, रॉस १२८ बी, टीगार्डनचे ग्रह अशी मोजकी मंडळी उरतात. सगळे लाल बटूंभोवतीचे. सूर्यासारख्या ताऱ्यांसमोरचा रकाना कोरा आहे. एचडी २०७९४ (म्हणजेच ८२ एरिडानी) चा ६४७ दिवसांचा ग्रह जवळ येतो, पण किमान वस्तुमान पृथ्वीच्या पाचपटीहून जास्त, आणि कक्षा इतकी लांबट की वर्षभरात तो पट्ट्याच्या आतून बाहेर आणि बाहेरून आत येतो-जातो.

उलट, पुढे ज्या अवकाश दुर्बिणीतून असे ग्रह थेट बघायचा बेत आहे त्या हॅबिटेबल वर्ल्ड्स ऑब्झर्व्हेटरीसाठी काढलेल्या १६४ ताऱ्यांच्या यादीत मुख्यतः सूर्यासारखे आणि थोडे थंड तारे आहेत. प्रॉक्झिमा बी ताऱ्यापासून आकाशात विकलेच्या शंभर भागांपैकी चारेक भागांवर आहे, इतक्या जवळचं त्या दुर्बिणीला वेगळं करता येणं कठीण. तसे ग्रह जमिनीवरच्या, ३९ मीटर आरशाच्या ईएलटी दुर्बिणीकडे सोपवावे लागतील. आपली ‘पक्की’ यादी आणि त्यांची यादी यांत जवळजवळ काहीच सामाईक नाही.

म्हणून तक्त्याचा दुसरा भाग उघडला: त्या १६४ पैकी आपल्या हद्दीतले तारे, आणि प्रत्येकाभोवती सुखाच्या पट्ट्यात पृथ्वी ठेवली तर डोल किती. पहिला टाऊ सेटी, १२ प्रकाशवर्षं. कक्षा ०.७ खगोलीय एकक, वर्ष २४० दिवसांच्या आसपास, डोल सेकंदाला १२ सेंटीमीटर. पण २०२३ च्या मोजमापानुसार या ताऱ्याचा अक्ष जवळजवळ आपल्याकडेच रोखलेला आहे, सातेक अंशांचा कल. ग्रह त्याच्या विषुववृत्ताच्या पातळीत फिरत असतील तर १२ चे दीड सेंटीमीटर होतात. त्याच हिशेबाने त्याच्याभोवती २०१७ मध्ये जाहीर झालेल्या, पृथ्वीच्या किमान चारपट वस्तुमानाच्या ग्रहांचं खरं वस्तुमान तीसपटीच्या पुढे जातं. ते दावे ‘शंका’तून हलवायचे का, हे त्यांच्या मूळ मोजमापांवर बनावट डेटाची चाचणी लावून ठरवू. नंतर एप्सिलॉन इंडी आणि ८२ एरिडानी. ताऱ्यांची स्थानं मोजणाऱ्या गाया अवकाश दुर्बिणीचा चौथा डेटा संच डिसेंबर २०२६ मध्ये अपेक्षित आहे, त्याच्यासाठी एक रकाना मोकळा ठेवला.